बोलणं बंद, बोल चालू

नऊ ओळी, एकसारख्या. बोट फिरवलं तर जखम भरल्यावर राहतो तसा वण हाताला लागतो.

थोरलीच्या चष्म्याची एक काडी तुटली आहे. तिथे तिने ताण्याचा उरलेला धागा बांधला आहे. गाठ विणकराची. कापल्याशिवाय सुटणार नाही.

उंदीर रंगीत सूत कुरतडतो, पांढऱ्याला तोंड लावत नाही. का, ते कुणालाच माहीत नाही.

दारामागे एक पाटी आहे आणि पाटीवर माझं नाव. दार उघडं असलं की पाटी दिसत नाही. आमचं दार दिवसभर उघडं असतं.

एकटी, चोर, जोडी, वाट, पाहुणा. उंबरा.

सकाळी मागाच्या पावडीवर पाय ठेवताना माझे गुडघे वाजतात. आमचे हे म्हणतात, “चला, माग सुरू झाला.”

अर्जात नावासाठी एकच ओळ होती.

*

हे सगळं एका खोलीतलं आहे. रस्त्याकडे दोन खिडक्या, मधोमध माग. मागावर मी बसते. साठी उलटून तीन वर्षं झाली. माझ्या डाव्या हाताला तिपाईवर थोरली बसते, म्हणजे माझी मोठी जाऊ, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. खिडकीखाली आमचे हे चाकावर कांड्या भरत बसतात. कांडीत सूत, कांडी धोट्यात, धोटा माझ्या हातात. कापड मी विणते, पण नक्षी मला येत नाही. नक्षी थोरलीला येते, पण तिला विणता येत नाही. ती बोल म्हणते, माझे हात चालतात.

एकटी म्हणजे एक धागा उचल. जोडी म्हणजे दोन उचल. चोर म्हणजे एक धागा खाली दडव. वाट म्हणजे तीन सोडून पुढे जा. पाहुणा म्हणजे इथे रंगीत सूत घाल. उंबरा म्हणजे ओळ संपली, धोटा फेक, फणी ठोक. आणि परत म्हणजे तीच ओळ पुन्हा.

एवढंच. सात शब्द. त्यात सगळं बसतं.

ही वाटणी सासूबाईंनी केली. दोन सुना आल्या, तेव्हा एकीच्या तोंडात अर्धी कला घातली आणि दुसरीच्या हातात अर्धी. दोघींपैकी एकीलाही वेगळा माग टाकायची सोय ठेवली नाही. बाई हुशार होत्या. एकाच खोलीत, हाताच्या अंतरावर बसूनही माणसं वेगळं बिऱ्हाड करू शकतात, हे मात्र त्यांना सुचलं नाही.

थोरलीचं आणि माझं बोलणं बंद होऊन पंधरा वर्षं झाली. बोल चालू होते.

*

ते असं झालं. कुठल्याशा समितीने उत्तम विणकर शोधायला काढले. अर्ज आला. घरात अक्षर माझं बरं, म्हणून मी भरला. नावासाठी एकच ओळ होती. मी काय करणार? विणकर कोण, तर जी विणते ती. माझं नाव लिहिलं.

पुरस्काराची पाटी आली. पाठोपाठ फोटो काढणारा माणूस आला. त्याने मला मागावर बसवलं, पदर नीट करायला लावला आणि थोरलीला म्हणाला, “आजी, जरा बाजूला होता का? तुमची सावली पडतेय.”

ती तेव्हा बावन्न वर्षांची होती. ती बाजूला झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता, नेहमीच्या वेळी, ती समोरच्या तिच्या घरातून आली. तिपाईवर बसली. चष्मा पुसला. म्हणाली, “एकटी.” मी धागा उचलला. त्या दिवसापासून सात शब्दांपलीकडे तिने मला आठवा शब्द दिला नाही. मीही दिला नाही. माझंही काही अडलं नव्हतं.

लोकांना वाटतं अबोला म्हणजे शांतता. अबोल्याइतकी कटकट दुसरी नाही. तिला पाणी हवं असलं तर ती खिडकीला सांगायची, “आज उकडतंय.” मग मी ह्यांना म्हणायची, “अहो, कुणाला पाणी हवंय का बघा.” हे उठायचे, माठातून पाणी द्यायचे आणि पुटपुटायचे, “मी कांड्या भरू की टपाल पोचवू?”

आणि टोमणे? टोमण्यांना कुठे आठवा शब्द लागतो! “एकटी” म्हणताना ती शेवटची वेलांटी अशी लांबवायची की धागा हातातच थरथरावा. “चोर” म्हणताना चष्म्यावरून सरळ माझ्याकडे बघायची. आमच्या नक्षीत चोर फार आहेत. एका दिवसात तीस-तीस वेळा.

मीही कमी नव्हते. “पाहुणा” आला की फणी जरा जोरात ठोकायची. समोरच्या घरातून रोज येणारं माणूस पाहुणाच की.

*

आता ह्या कापडाबद्दल. मोठी नक्षी चारशे बारा ओळींची. दोनशे सहा ओळींची चढण, दोनशे सहा ओळींची उतरण. कुणालाही वाटेल, चढण उलटी केली की झाली उतरण. तसं नाही. जिना चढताना पाय पडतात तसे उतरताना पडत नाहीत. उतरणीचे बोल वेगळे. एके काळी आमच्या गल्लीत नऊ माग होते आणि निदान सहा जणींना उतरण येत होती. आता माग एक, आणि उतरण एका तोंडात.

मी मोठी नक्षी आयुष्यात चार वेळा विणली. शेवटची, बावीस वर्षांपूर्वी. ती कापडं कुठे गेली माहीत नाही. कुणाच्या तरी पलंगावर विटून, फाटून संपली असतील.

मग गेल्या वर्षी संग्रहालयातून एक बाई आली. तिच्या खांद्याला रेकॉर्ड करायचं यंत्र, म्हणून आमच्याकडे तिचं नाव रेकॉर्डवाली पडलं. पोरगी चांगली. चपला दाराबाहेर काढून खाली फरशीवर बसते. तिने फोटो दाखवला. त्यांच्या कपाटात आमच्या नक्षीचं एक जुनं कापड सापडलं होतं. मी बघितल्याबरोबर ओळखलं. चढण पूर्ण होती. पुढे कापड कापलेलं.

“उरलेलं अर्धं कुठेय?” मी विचारलं.

“तेच तुम्हाला विचारायला आले, मावशी,” ती म्हणाली.

तिने थोरलीसमोर यंत्र धरलं. “आजी, उतरणीचे बोल सांगता?”

थोरली यंत्राकडे बघत राहिली. मग खिडकीला म्हणाली, “माग चालू नसला की बोल येत नाहीत. आणि संग्रहालयातल्या चिठ्ठीवर नाव तर दुसऱ्याच कुणाचं लागणार.”

रेकॉर्डवाली माझ्याकडे बघायला लागली. मी ह्यांच्याकडे. हे कांडीकडे.

मग ठरलं की मोठी नक्षी पुन्हा विणायची. मी दमले होते, खरं सांगते. खांदे भरून येतात, उजव्या डोळ्याला दुपारनंतर धागा दुहेरी दिसतो. मला आता साध्या चादरी विणून, एक वाजता माग झाकून पडावंसं वाटतं. सगळे म्हणतात कला जपा, कला जपा. जणू ती खिडकीतली कुंडी आहे, पाणी घातलं की झालं. पण उतरण एकाच तोंडात होती आणि ते तोंड सदुसष्ट वर्षांचं. मी ताणा लावला.

चढणीला महिना लागला. सुरळीत गेली. मग आम्ही माथ्यावरून खाली उतरायला लागलो.

*

उतरण, ओळ एकसष्ट

“एकटी, चोर, जोडी, वाट, वाट, पाहुणा, चोर, जोडी. उंबरा.”

धोटा फेकला. फणी ठोकली.

 मी हात मांडीवर ठेवून थांबले. खिडकीबाहेर भंगारवाल्याची हातगाडी गेली.

“परत,” ती म्हणाली.

मी तीच ओळ घातली.

“परत.”

घातली. आमच्या नक्षीत परत दोनदा येतो. फार तर दोनदा.

“परत.”

तिसऱ्यांदा माझा हात जरा अडखळला. पण उतरण विणून बावीस वर्षं झाली होती. असेलही. विचारायचं म्हणजे बोलायचं. आणि पंधरा वर्षांनी पहिला शब्द मी का काढू? थोरली ती आहे. आधी तिने बोलावं.

“परत.”

ह्यांनी चाक थांबवलं. “वहिनी किती वेळा परत म्हणाल्या गं?”

“तुम्ही कांड्या भरा.”

“परत,” थोरली म्हणाली. ह्या खेपेला जरा हळू. माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, ही मला दमवतेय. बघतेय, हिचा हात किती चालतो. म्हटलं चालू दे. मी घातली. आणि पुढची. आणि पुढची. खांदा पेटला तरी घालत राहिले. शेवटी ती चष्मा काढून मांडीवर धरून बसली. एक वाजला होता.

मी मोजल्या. नऊ.

*

एक वाजता थोरलीची सून तिला न्यायला आली. आधी ती न्यायला येत नसे. समोरचं तर घर, रस्ता ओलांडला की आलं. थोरली दाराबाहेर चपला घालत होती, तेवढ्यात सून आत डोकावली.

“काकू, आईंना एकटं सोडू नका हं. काल इथून निघाल्या आणि गल्लीच्या टोकाला कुलुपांच्या दुकानात जाऊन उभ्या राहिल्या. दुकानदार म्हणाला, आजी काय हवंय? म्हणाल्या, परत.”

“परत?”

“घरीही तेच. दूध तापायला ठेवतात, मग भांड्याकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात. म्हणतात, परत? म्हणजे पुढे काय करायचं ते परत सांग. मी सांगते, ‘आई, आता गॅस बारीक करा.’ मग करतात. सांगितलं की सगळं येतं हो त्यांना. फक्त सांगावं लागतं.” मग हळूच म्हणाली, “इथे नाही ना म्हणत तसं?”

“नाही,” मी म्हटलं.

ती गेली. मी मागावर बसून राहिले. कापडावर नऊ ओळींची जाड पट्टी होती.

थोरली माझ्याशी बोलली होती. पंधरा वर्षांनी, आधी ती बोलली होती, मला हवं होतं तसं. विचारत होती: कुठे होतो आपण, परत सांग. आठ वेळा विचारलं. आणि मी आठ वेळा विणलं.

हे कांड्यांची टोपली उचलता उचलता म्हणाले, “तरी मी म्हणत होतो.”

“तुम्ही काय म्हणत होता?”

“किती वेळा परत म्हणतात म्हणून.”

“मग जोरात म्हणायचं ना!”

“तुम्हा दोघींच्या मध्ये जोरात बोलणारा माणूस अजून जन्माला यायचाय,” ते म्हणाले आणि टोपली घेऊन आत गेले.

*

ओळ उसवायची म्हणजे बाण्याचा आडवा धागा ओढून काढायचा नसतो. तसं केलं तर उभा ताणा तुटतो. ज्या धाग्यांवर ओळ बसली तेच धागे पुन्हा उचलायचे आणि धोटा आला त्याच वाटेने माघारी काढायचा. म्हणजे उसवायलाही बोल लागतात. ओळ पुन्हा म्हणावी लागते.

दुसऱ्या दिवशी थोरली आली, तिपाईवर बसली. तिने कापडाकडे बघितलं आणि तिचा चेहरा पडला. पट्टी तिलाही दिसली.  मी तोंड उघडलं. आधी नुसती खोकले.

“एकटी, चोर,” मी म्हटलं, “जोडी, वाट, वाट.”

तिने मान वर केली.

ते बोल मी कधीच म्हटले नव्हते. बेचाळीस वर्षं ऐकले, हाताने झेलले, पण तोंडातून कधी काढले नव्हते. माझ्या आवाजात ते भाजीवाल्याने हाक मारावी तसे वाटले.

“पुढे?” ती म्हणाली.

आठवा शब्द.

“पुढे माहीत नाही,” मी म्हटलं. खोटं. कापड समोर होतं, वाचता येत होतं. पण मला वाटलं, तिला म्हणू दे.

“पाहुणा, चोर, जोडी. उंबरा,” ती भराभरा म्हणाली. मग जरा रागावून म्हणाली, “वाट म्हणताना ओढू नकोस. वाट आहे, रबर नाही.”

ह्यांच्या चाकाचा आवाज थांबला होता. “अहो, चाक,” आम्ही दोघी एकदमच म्हणालो.

आठ ओळी उसवल्या. त्यात सगळी सकाळ गेली. प्रत्येक ओळीला अर्धे बोल माझे, अर्धे तिचे. आठव्या ओळीपर्यंत ती ओळ मला पाठ झाली. आयुष्यात मला तोंडपाठ आलेली पहिली ओळ. नववी, म्हणजे खरी, जागच्या जागी राहिली.

पट्टी गेली. पण ताणा तिथे थोडा सैल पडला, तो पडलाच. बोट फिरवलं की लागतो.

*

उतरण, ओळ बासष्ट ते एकशे अठ्ठ्याहत्तर

नवी रीत अशी. ती एक ओळ म्हणणार, मी विणणार, आणि विणून झाली की मी तीच ओळ मोठ्याने म्हणून तिला परत देणार. मग त्या ओळीच्या शेपटाला धरून तिला पुढची येते. मध्येच थांबली आणि “परत?” म्हणाली की मी पुन्हा म्हणते. खरा परत असला, म्हणजे तीच ओळ दुहेरी घालायची असली, तर तिने हात वर करायचा. हा नियम तिनेच केला आणि दुसऱ्या दिवशी विसरली. मग मीच रोज सकाळी सांगायची, “जाऊबाई, खरा परत असला तर हात.”

“मला शिकवतेस?” ती म्हणायची.

कामाचा वेग निम्म्यावर आला. आधी दिवसाला दहा ओळी व्हायच्या, आता चार, कधी तीन. दुपारी ती गेली की मी कापड बघून ओळी वहीत उतरवून ठेवायची. अक्षर बरं आहे माझं. मग मात्र हातपाय गळून जायचे. जेवायलाही उठवत नसे. हे म्हणायचे, “एवढं कशाला मारून घेतेस? तीन महिन्यांत नाही तर सहा महिन्यांत होईल.”

“तुमच्या वहिनींना विचारा, त्यांच्याकडे सहा महिने आहेत का.”

मग ते माझ्या खांद्याला तेल चोळायचे. सूत पिळावं तसं.

ओळ एकशे चाळीसच्या आसपास, एका सकाळी, थोरली मध्येच थांबली आणि अगदी सहज म्हणाली, “अर्ज भरलास का गं?”

माझा पाय पावडीवरच राहिला. “कुठला अर्ज?”

“समितीचा. परवा तो माणूस देऊन गेला तो. तुझं अक्षर बरं म्हणून तुझ्याकडे दिला ना?”

चाक थांबलं नाही, पण हळू झालं.

“भरला,” मी म्हटलं.

“माझं नाव नीट लिहिलंस ना? दवाखान्यात त्या बाईने वेलांटी चुकवली होती.”

“एकच ओळ होती, जाऊबाई.”

हे वाक्य पंधरा वर्षं माझ्या तोंडात तयार होतं. ह्यांना ऐकवलं, शेजारणींना ऐकवलं, माहेरी ऐकवलं. तिला सोडून सगळ्यांना ऐकवलं होतं.

तिने जरा विचार केला. “मग? बारीक लिहायचं. दोन नावं काय, आपण दोघी सडपातळ बाया, एका ओळीत सहज मावू.” आणि स्वतःच्याच विनोदावर हसली, खांदे हलवत, आमचं लग्न नवं होतं तेव्हा हसायची तशी. “चल, घे पुढे. वाट, वाट, एकटी...”

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा विचारलं. अर्ज भरलास का? मी पुन्हा सांगितलं, एकच ओळ होती. ह्या खेपेला ती हसली नाही. तिचा चेहरा उतरला, आणि त्या सकाळी दोनच ओळी झाल्या.

तिसऱ्या दिवशी विचारलं तेव्हा मी म्हटलं, “लिहिलं. तुमचं आधी, मग माझं.”

“बरं केलंस,” ती म्हणाली. त्या दिवशी सहा ओळी झाल्या.

मग रोज तेच. ती विचारायची, मी म्हणायची लिहिलं, ती म्हणायची बरं केलंस. जसा काही बोलच. सात होते, त्यात हा आठवा. हे एकदा मागच्या खोलीत मला म्हणाले, “चांगलं केलंस. वहिनींचं समाधान होतं.” मी त्यांना म्हटलं, मला काही बोलू नका, मी दमलेय.

*

उतरण, ओळ एकशे एकोणऐंशी

इथे ती थांबली.

“परत?”

मी आधीची ओळ म्हटली.

“परत?”

पुन्हा म्हटली. मग त्याच्या आधीची. मग पाच ओळी मागे जाऊन तिथून म्हणत आले, जिना उतरताना पायरी सापडत नाही म्हणून दोन पायऱ्या वर जाऊन पुन्हा उतरतो तशी. ती माझ्याबरोबर ओठ हलवत आली, आणि त्याच ठिकाणी ओठ थांबले.

“इथे काहीतरी होतं,” ती म्हणाली.

“असू दे. आठवेल.”

“सासूबाईंना विचार.”

सासूबाईंना जाऊन एकतीस वर्षं झाली. “विचारते,” मी म्हटलं.

आठ दिवस आम्ही तिथेच. आठ दिवस मागावर एकही ओळ नाही. रोज सकाळी पाच ओळी मागून यायचं आणि त्याच कड्यावर उभं राहायचं. नवव्या दिवशी ती कंटाळून म्हणाली, “जोडी, जोडी, पाहुणा, वाट,” आणि मी घाईघाईने धागे मोजले. ते त्या जागी बसेनात. पाहुण्याच्या जागेवरून कळलं, ती पुढची ओळ होती, एकशे ब्याऐंशीवी. मधल्या तीन तिने ओलांडल्या होत्या.

मी तिला थांबवलं नाही. थांबवलं असतं तर पुढचंही गेलं असतं. मधल्या तीन ओळी मी साध्या विणल्या, एक वर एक खाली, कोऱ्या, आणि एकशे ब्याऐंशी धरली.

शेवटच्या चोवीस ओळी तिने सतरा दिवसांत म्हटल्या. शेवटच्या उंबऱ्याला मी फणी ठोकली आणि तिच्याकडे बघितलं. ती खिडकीतून बाहेर बघत होती.

“संपलं, जाऊबाई.”

“काय?” ती म्हणाली.

*

रेकॉर्डवाली आली त्या दिवशी आम्ही कापड मागावरून उतरवून जमिनीवर पसरलं. खोलीभर झालं. थोरलीची तिपाई भिंतीला लागली. ती तिच्यावर बसून होती, हातात चष्मा. सून शेजारी उभी.

रेकॉर्डवाली गुडघ्यांवर रांगत रांगत चढणीवरून उतरणीकडे गेली. एका जागी थांबली. बोट फिरवलं.

“मावशी, इथे जरा सैल आहे का?”

“आहे. ओळ एकसष्ट. उसवून विणलंय.”

ती पुढे गेली. “आणि ह्या तीन ओळी? साध्या?”

“इथे बोल नाहीत.”

“म्हणजे नक्षीतच साध्या आहेत?”

“नाही. नक्षीत आहेत. आमच्याकडे नाहीत. तसंच लिहा.”

तिने तसंच लिहिलं. मग यंत्र काढलं, माझ्यासमोर ठेवलं. वही माझ्या मांडीवर होती. उतरणीचे बोल मी पहिल्या ओळीपासून म्हटले. आवाज भाजीवाल्यासारखाच, पण आता वाट ओढली नाही. मधूनमधून भिंतीकडून थोरलीचे ओठ माझ्याबरोबर हलायचे. दोनदा तिने मोठ्याने “उंबरा” म्हटलं, अगदी जागेवर. यंत्रात ते आलं असेल.

एकशे अठ्ठ्याहत्तर झाल्यावर मी तीन श्वास थांबले आणि एकशे ब्याऐंशी धरली.

संपलं तेव्हा रेकॉर्डवालीने पिशवीतून एक छोटी कापडी पट्टी काढली, दोन बोटं रुंद, चार बोटं लांब. “ही कोपऱ्याला शिवायची. विणकराचं नाव. काय लिहू?”

मी आधी थोरलीचं नाव सांगितलं. वेलांटी कुठली तेही सांगितलं. मग माझं.

ती पेन धरून पट्टीकडे बघत राहिली. “मावशी, एकच ओळ आहे हो. दोन नावं कशी मावणार?”

“बारीक लिहा.”

तिने बारीक लिहिलं. जीभ दातांत धरून, दोन्ही नावं. मावली. मी पट्टी घेऊन थोरलीसमोर धरली. तिने चष्मा लावला, धागा बांधलेली काडी कानामागे सारली आणि बराच वेळ बघत राहिली.

“कुणाची नावं आहेत?” तिने विचारलं.

“आपली.”

“बरं केलंस,” ती म्हणाली. आणि मग सुनेकडे बघून, “परत?”

“आता घरी जायचं, आई,” सून म्हणाली.

त्या दोघी रस्ता ओलांडेपर्यंत मी दारात उभी होते. मग आत आले, दार लावलं. हे म्हणाले, “दार का लावलंस? उकडतंय.” मी म्हटलं, असू दे जरा वेळ. पाटी समोर होती. मी खाली बसले आणि गुडघे वाजले.

समितीच्या त्या अर्जात नावासाठी एक ओळ होती, आणि तिच्याखाली ‘अधिक माहिती’ असं छापून सहा ओळी कोऱ्या सोडलेल्या होत्या.